एम.टेक.ची सोयरीक

माझ्या आत्याने एखाद्या स्थळाला नाही म्हटलं की आमच्या नात्यागोत्यात त्या स्थळाचा विषय तिथेच संपतो. धुळ्यात देवपूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचा लोखंडी पलंग आहे. त्यावर मांडी घालून ती तांदूळ निवडत बसलेली असते आणि साक्रीपासून जळगावपर्यंतचे लोक येऊन तिला गळ घालतात, "अक्का, पोर द्यायची म्हणतोय, जरा चौकशी करा ना." मग अक्का पिशवीत पाण्याची बाटली टाकते आणि बस पकडते.

तिची चौकशी करायची पद्धत ठरलेली. मुलाच्या घरी ती पाऊल टाकत नाही. त्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर आपलंच दळण असल्यासारखी उभी राहते, किराण्याच्या दुकानात साबण मागते, समोरच्या ओट्यावर बसून आपलेच पाय चेपते आणि "इकडून चालले होते, ऊन लागलं" असं म्हणते. संध्याकाळी परत येते तेव्हा त्या घरातली मोठी सून माहेरी जाताना हसत जाते की घाईने जाते, म्हातारीला चहा वेळेवर मिळतो का, मुलगा रागावला की आवाज गल्लीत येतो का, हे सगळं तिच्याकडे असतं. सासूला विचारलं तर घर सोन्याचं असतं, खरं घर शेजारणीला माहीत, असं तिचं म्हणणं.

मला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. मी मेकॅनिकल इंजिनिअर. कोणाच्या घरातल्या चहाची चौकशी करणं म्हणजे नसत्या उठाठेवी, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी जेवताना, भांडी घासताना, विचारलं नसतानाही सांगायचे. आत्या म्हणायची, "बरं बाई," आणि पुढचं दळण आणायला निघायची.

तेव्हा मी जळगावच्या एमआयडीसीत एका पाइपच्या कारखान्यात नोकरी करत होते. भाड्याच्या खोलीत राहायचे, रविवारी धुळ्याला यायचे. माझं काम तपासणीचं. मशीनमधून पाइप बाहेर येतो, कापला जातो, मग मी त्याची जाडी चारी बाजूंनी मोजायची आणि बरोबर असेल तर सही करायची. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ निघाला तर बाजूला ठेवायचा. पण तो तसा का निघाला, हे ठरायचं डायमध्ये. डाय म्हणजे पोलादाचा तो साचा, ज्यातून वितळलेलं प्लास्टिक गोल होऊन बाहेर पडतं. डाय बिघडला की बाहेरगावाहून एक साहेब यायचे, तो उघडायचे, आणि मी डोकावायला गेले की कोणीतरी म्हणायचं, "मॅडम, तुम्ही जरा मागे व्हा, तेल लागेल." मला तेच तेल हवं होतं. मला डाय बनवायचा होता. इतकी साधी गोष्ट, पण ती मी कोणाला कधी मोठ्याने सांगितली नव्हती, कारण ऐकणारा हसेल असं वाटायचं.

म्हणून मी प्रवेश परीक्षा दिली आणि एम.टेक.च्या दोन जागा हातात आल्या. एक दक्षिणेतली, जिचं नाव घेतलं की समोरचा माणूस आपोआप खुर्ची पुढे करतो. दुसरी गुजरातेतली, जिचं नाव सांगितलं की लोक विचारतात, "हे कुठे आलं?" तिथे पॉलिमरचा अभ्यास होता, पहिलं वर्ष वर्गात आणि दुसरं एखाद्या कारखान्यात. घरचा करार सरळ होता. बाबांनी सांगितलं होतं, "शिक, पण एकदाच. त्यानंतर लग्नाचं बघू." चुकले असते तर दुसरी संधी नव्हती. दोन वर्षं गेली असती आणि मी पुन्हा सही करायच्या टेबलावर, नाहीतर बोहल्यावर.

बाबांचा निर्णय झाला होता. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. पण दक्षिणेतल्या त्या संस्थेचं नाव त्यांनी त्या आठवड्यात दूधवाल्यालाही सांगितलं. मीही हुरळले होते, खोटं कशाला बोलू? त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन आत्याच्या पलंगावर बसले आणि तिला त्या संस्थेची इमारत दाखवली, झाडं दाखवली, हसणारे विद्यार्थी दाखवले, कितव्या क्रमांकावर आहे ते दाखवलं.

आत्याने चष्मा लावून सगळं शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, "हाई बठ्ठं सासरवालासनीच लिखेल शे ना?"

हे सगळं सासरच्यांनीच लिहिलेलं! मी उडालेच. म्हटलं, "आत्या, ही सोयरीक नाहीये."

"दोन वर्षं राहायचं, तिथलं खायचं, तिथल्यांचं ऐकायचं, आणि पुढे जन्मभर त्यांचं नाव लावायचं. मग सोयरीक नाही तर काय?" ती म्हणाली. "तिथे नांदून आलेलं कोणी आपल्याकडचं आहे का, बघते."

मी लॅपटॉप जोरात मिटला.

पुढच्या रविवारच्या आत तिने माणूस शोधला. एरंडोलचा एक मुलगा त्याच दक्षिणेतल्या संस्थेतून एम.टेक. करून आला होता आणि हल्ली घरूनच काम करत होता. आत्याने त्याच्या आईला फोन करून अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं, की माझ्या भाचीला त्या कॉलेजात जायचंय, तर तुमच्या मुलाला दोन गोष्टी विचारायला येतो. यात चूक काहीच नव्हती. चूक झाली ती आमच्या मुलखाच्या रीतीमुळे. आमच्याकडे स्थळ बघायला निघालेला माणूस स्थळ बघायला आलो असं कधी सांगतच नाही. "पद्मालयाला दर्शनाला आलो होतो," "कापसाच्या कामाने इकडे होतो," असं काहीतरी सांगतो, आणि समोरच्याने ते खरं मानल्यासारखं दाखवायचं असतं. त्यातून अक्का स्वतः मुलगी घेऊन येणार! कॉलेजची गोष्ट त्या माउलीने अर्थातच एक नाजूक सबब समजून पोटात ठेवली. आणि आत्या, जी जन्मात कधी मुलाच्या घरात शिरली नव्हती, ती माझ्यासाठी प्रथमच थेट पुढच्या दाराने जाणार होती, त्यामुळे तिलाही हे सुचलं नाही.

मी जळगावहून कारखान्यातूनच निघाले. अंगावर मळखाऊ कुर्ता, पायांत सेफ्टी बूट. आत्या धुळ्याहून आली, एरंडोलच्या स्टँडवर भेटली. त्या घराच्या दारात पोचलो तर अंगणात सडा, ओट्यावर रांगोळी, आत इस्त्रीच्या शर्टात दोन काका, आणि ताटल्यांत पोहे, वर शेव, ओलं खोबरं. मुलगा कोपऱ्यात नव्या शर्टात, शर्टाची घडी अजून तशीच. मी आत्याकडे पाहिलं. आत्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा घबराट बघितली आणि, देवाशपथ, मला फार बरं वाटलं.

आता उठून जाणं म्हणजे पोह्यांचा अपमान. बसलो. मुलाची आई माझ्याजवळ सरकून मायेने म्हणाली, "मंग पोरी, घरमा काय काय करता येस?"

"पाइपची जाडी मोजता येते," मी म्हणाले.

आत्याने मांडीला चिमटा काढला. पण ती बाई भलती गोड होती. मान डोलावून काकांना म्हणाली, "हिसाबले पक्की शे." मग रीतीप्रमाणे पुढचं वाक्य आलंच, की पोरापोरीने जरा गच्चीवर जाऊन बोलून घ्यावं.

गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मुलगा कठड्याला टेकून खाली बघत म्हणाला, "हे बघा, राग मानू नका, पण मला सध्या लग्न करायचं नाहीये."

मी म्हटलं, "मलाही नाही. मला फक्त तुमचं कॉलेज सांगा."

तो इतका हसला की खालून कोणीतरी समाधानाने खाकरलं. मग तो मिरच्यांच्या बाजूला खाली बसला आणि बोलू लागला. त्याला काही विकायचं नव्हतं, मला काही पटवायचं नव्हतं, म्हणून असेल, पण तो फार मोकळं बोलला. संस्थेबद्दल एक वाकडा शब्द नाही. म्हणाला, तिथले प्राध्यापक असे की एक प्रश्न विचारला तर दुसऱ्या दिवशी बोलावून घेऊन तीन पुस्तकं समोर ठेवतात. लायब्ररीत बसलं की आपण किती कमी वाचलंय याची लाज वाटते आणि मग वाचायची सवय लागते. दोन वर्षं तो एका पंख्याच्या पात्याभोवती हवा कशी वाहते ते संगणकावर बघत होता. त्याचं ते काम परदेशातही वाचलं गेलं. पुढे संशोधन करायचं असेल तर याहून चांगली जागा नाही, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचे डोळे चमकत होते.

"मग तुम्ही संशोधन का करत नाही?" मी विचारलं.

"नोकरी हवी होती. कंपन्या आल्या, नाव बघून घेतलं. आता बँकेचं सॉफ्टवेअर करतो. चांगलं चाललंय, आईला सांगू नका हं, नाहीतर उद्याच मुहूर्त काढेल, पण खरंच चांगलं चाललंय. फक्त ते खरं पातं मी दोन वर्षांत हातात घेतलं नाही. आणि ते आता सुटलंच. तुम्हाला काय करायचंय?"

कोणी असं सरळ विचारलं नव्हतं. कॉलेज कुठलं ते सगळ्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "डाय बनवायचाय. पाइपचा. स्वतःच्या हाताने, आणि बिघडला तर मी उघडणार."

तो हसला नाही. मिरची उलटी करत म्हणाला, "मग तिथे तुम्हाला डायवर उत्तम पेपर लिहिता येईल. डाय नाही मिळायचा."

आम्ही खाली आलो तोवर आत्याने सगळं निस्तरलं होतं. कसं, ते मला आजही कळलेलं नाही. त्या बाईची माफी मागून झाली होती, तिच्या पुतणीसाठी चाळीसगावचं एक स्थळही सुचवून झालं होतं, आणि दोघी पोह्यांच्या ताटल्या मांडीवर ठेवून हसून हसून डोळे पुसत होत्या. निघताना त्या बाईने मला मिरच्यांची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, "सून नही ते नही, मनी पोर शे तू." मोठ्या मनाच्या बायका खानदेशात किती आहेत, आणि आम्ही शिकलेल्या पोरी त्यांच्याकडे किती कमी बघतो, असं मला परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं.

गुजरातेतल्या संस्थेची चौकशी फोनवर झाली. सुरतेत आमच्याकडची इतकी माणसं आहेत की आत्याला ती देवपूरचीच पुढची गल्ली वाटते. तिथून तिला एक मुलगी मिळाली, जी त्या संस्थेतून शिकून वापीला लागली होती. फोन स्पीकरवर टाकून आम्ही दोघी पलंगावर बसलो. मुलगी पहिल्या वाक्यापासून तक्रारी करू लागली. मेसचं जेवण म्हणजे शिक्षा. दोन विषयांना शिकवायला कोणी नव्हतंच. संस्थेचं नाव मुलाखतीत दोनदा सांगावं लागतं. कारखान्यात पाठवलं तेव्हा मुलगी म्हणून पॅकिंगमध्ये बसवलं, मग ती रोज भांडली, शेवटी टूल रूममध्ये, म्हणजे साचे बनतात त्या विभागात, घेतलं. आणि मग तिची गाडी टूल रूमवर आली ती उतरेचना. तिने बनवलेला पहिला मोल्ड, त्यातून निघालेलं बाटलीचं झाकण, ते कसं नीट बसेना, काय घासलं, काय वाढवलं. आमचा चहा निवला तरी ती झाकणावरच होती. शेवटी म्हणाली, "भांडायची तयारी असेल तर ये, नाहीतर येऊ नकोस."

फोन ठेवल्यावर मी आत्याला विचारलं, "तुझं काय मत?"

"मला त्यातलं काय कळतंय," ती म्हणाली. आणि खरंच कळत नव्हतं. एम.टेक. झालं की शाळेत शिकवावं लागतं, अशी तिची बरेच दिवस समजूत होती. "पण तो पोरगा घराचं कौतुक करत होता. ही घराला नावं ठेवतेय आणि हातातल्या कामाचं कौतुक करतेय. तुला सकाळी उठून काय करायचंय, ते तू बघ."

मी बाबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, ते जास्त अवघड गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आपल्या घरातून पहिल्यांदा कोणाला एवढं मोठं नाव मिळतंय. आपल्यासारख्यांना वशिला नसतो, जमीनजुमला नसतो. नावाचाच आधार असतो गं. उद्या कोणी तुला मागे हो म्हटलं तर ते नाव तुझ्या पुढे उभं राहील." हे खोटं नव्हतं. त्या क्षणी ते आणखी एक वाक्य बोलले असते तर मी दक्षिणेला गेले असते.

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, मी बी नावना भरोसावरच गयी व्हती पिंपळनेरले."

आमच्या घरात हा विषय निघत नाही. मला लहानपणापासून एवढंच माहीत होतं, की आत्याचं लग्न पिंपळनेरच्या एका मोठ्या घरात झालं होतं, दुमजली माडी, दारात ट्रॅक्टर, तालुक्यात नाव. आबा, म्हणजे माझे आजोबा, माडी बघून आले आणि दुसऱ्या दिवशी सुपारी फुटली. काही वर्षांनी आत्या एक पिशवी घेऊन परत आली, ती कायमची. त्या माडीत काय होतं ते तिने कधी सांगितलं नाही. त्या दिवशीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "शेजारणीला सगळं माहीत होतं. तिला विचारायला कोणी आलं नाही. देण्याआधी नाही आणि दिल्यावरही नाही."

बाबांनी चष्मा परत लावला. मग मला म्हणाले, "गुजरातला थंडी असते का गं? स्वेटर लागेल का?"

मी गुजरातला गेले. तिथे दोन वर्षं सुखाची गेली असं म्हणणार नाही. मेसबद्दल त्या मुलीने जे सांगितलं होतं ते कमीच होतं. एका विषयाचा वर्ग आम्ही मुलांनी एकमेकांना शिकवून पूर्ण केला. एका मोठ्या कंपनीने संस्थेचं नाव बघून माझा अर्ज बाजूला ठेवला, त्या दिवशी बाबांचं म्हणणं आठवून मी रडले. पॅकिंगमध्ये मलाही बसवलं. मीही भांडले, आणि भांडणात मी त्या वापीच्या मुलीपेक्षा तसूभर कमी नाही. टूल रूममध्ये पहिल्यांदा तेल लागलं तो कुर्ता मी अजून टाकलेला नाही. माझ्या बरोबरीच्या काही जणांनी तीच जागा घेऊन पश्चात्ताप केला, आणि एरंडोलचा तो मुलगा बँकेची नोकरी सोडून पुन्हा त्याच दक्षिणेतल्या संस्थेत संशोधनाला गेला, आनंदात आहे. जागा चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धा असतो, हे मी आत्याच्या पलंगावर शिकले.

आता मी जळगावलाच आहे, दुसऱ्या एका कारखान्यात, डायच्या विभागात. डाय बिघडला की मला बोलावतात. मी उघडते.

गेल्या महिन्यात दुपारी गेटसमोरच्या टपरीवर चहाला गेले. टपरी चालवणारी बाई एरवी माझ्याशी कामापुरतं बोलते. त्या दिवशी तिने कप पुढे केला आणि माझ्याकडे जरा रोखून बघत म्हणाली, "तुमनी आत्या उनी व्हती ना परवा."

मी म्हटलं, "माझी आत्या? धुळ्याला असते ती."

"तीच. पिशवी व्हती हातमा. म्हने, इकडून चालली व्हती, ऊन लागनं." बाई बाकाकडे बोट दाखवत होती. "आठे बसनी. दोन चहा पिनी. मंग हळूच इचारं, हाई कारखानामा डायवाली पोर शे, ती हासत येस का? तिनावर कोनी वरडस का? डबा खास का? मी इचारं, तुमी तिनी कोन? तर हासनी नि म्हने, आत्या."

धुळ्याहून जळगाव, एसटीने, त्या उन्हात. कारखान्याच्या दारात येऊन ती मला न भेटता परत गेली होती. मला विचारलं असतं तर मी सगळं सोन्याचं सांगितलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कप हातात तसाच राहिला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. त्या बाईला काय करावं सुचेना. तिने पदराने बाक पुसला आणि मला बसवलं.

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगसू? जे शे ते सांगं," ती म्हणाली. "मी सांगं, पोर बठ्ठासले वरडस, पण सुखी शे."